शेतांत सांपडणारें पुरलेलें रुपें

रब्बीचीं पिकें निघालीं कीं धातुशोधक यंत्र खांद्यावर टाकून मोकळ्या शेतांतून हिंडणारे लोक हल्लीं कोठें कोठें दृष्टीस पडतात. कोणी शेतमालकास विचारून येतात, कोणी न विचारतां. आमची उमर महसूल खात्याच्या दप्तरांत गेली असल्यानें जमिनींत सांपडलेल्या द्रव्याचें पुढें काय होतें हें कागदोपत्रीं पाहण्याचा प्रसंग आम्हांस आलेला आहे. म्हणून चार शब्द लिहितों.

प्रथम यंत्राविषयीं. त्याच्या तबकडींत तारेचें वेटोळें असतें. त्यांतून बदलती वीज वाहूं लागली म्हणजे खालच्या धातूंत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात व त्यांची चाहूल यंत्रास लागते. रुप्याचा आवाज स्पष्ट येतो खरा. पण तांब्याच्या तारेचा किंवा ॲल्युमिनियमच्या तुकड्याचाही तसाच येतो. शिवाय आमची काळी जमीन काळ्या दगडापासून झालेली, तींत लोहचुंबकीय कण पुष्कळ. त्यामुळें साधें यंत्र रिकाम्या जागींही ओरडतें. सुटें नाणें वीतभराहून खोल असल्यास बहुधा कळतच नाहीं. तेव्हां यंत्रवाल्यास नाण्यांपेक्षां बुचें, खिळे व नाल अधिक मिळतात यांत नवल नाहीं. मोठे सांठे निघाले ते बहुतेक विहिरीच्या, पायाच्या किंवा नांगराच्या कामांतच.

नाणें ओळखावयाचें तें न घासतां. चिंच, लिंबू, राख यांनीं मळाबरोबर अक्षरेंही जातात. साध्या पाण्यानें माती सोडवावी व वजन करावें. कडा यंत्रानें कापलेली, वाटोळें व एक तोळा भरणारें नाणें १८३५ नंतरच्या कंपनी किंवा राणी सरकारचें असण्याचा संभव फार. राणीच्या रुपयावरील १८६२ हा आंकडा फसवा आहे. तो साल पुढें कित्येक वर्षें तसाच उठवीत असत. १९४० पासूनच्या रुपयांत रुपें निम्मेंच आहे. ओबडधोबड व फारशी अक्षरें असलेला रुपया पाहतांच तो मोंगलांचा ठरवूं नये. पेशवाईंतील टांकसाळींतूनही दिल्लीच्या बादशहाच्या नांवानेंच रुपये पडत. अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया त्यांतलाच. कोंकणांत लारी म्हणून दुमडलेल्या तारेसारखें रुप्याचें नाणें सांपडतें. तें तार समजून फेंकून देऊं नये.

सांठ्यांतील सर्वांत नवें नाणें कोणतें हें अवश्य पाहावें, कारण त्याच्या आधीं तो सांठा पुरलेला असूं शकत नाहीं. याचा कायद्याशीं संबंध आहे. १८७८ च्या निखात निधि अधिनियमाप्रमाणें, शंभर वर्षांच्या आंत आपल्या पूर्वजानें द्रव्य पुरलें असा दावा कोणी केल्यास जिल्हाधिकाऱ्यास चौकशी थांबवून त्याला दिवाणी न्यायालयांत जाण्यास अवधि द्यावा लागतो. आजोबांनीं पुरलेले पंचम जॉर्जचे रुपये आणि नहपानाचीं नाणीं यांची वाट येथें वेगळी होते.

द्रव्य बेवारशी ठरलें व सरकारनें तें घेतलें नाहीं, तर वाटणी अशी: सांपडविणाऱ्यास तीन चतुर्थांश, जागेच्या मालकास एक चतुर्थांश, मात्र उभयतांत आधीं करार नसेल तर. आमच्या शेतकरी बंधूंनीं हें वाक्य दोनदां वाचावें. शेत तुमचें, पण यंत्र फिरविणारा परका असला तर तुमचा वांटा पावलीचा! त्यास शेतांत पाऊल टाकूं देण्यापूर्वींच लेखी ठराव करावा. सरकारनें नाणीं ठेवून घेतलीं तर धातूच्या किंमतीवर एक पंचमांश अधिक देण्याची तरतूद आहे. लपविणाऱ्याचा मात्र वांटा सरकारजमा होतो, आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊं शकतात.

तरीही लोक नाणीं सोनाराकडे नेतात. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं निघालीं. सर्व क्षहरात राजा नहपानाचीं. पैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीनें आपली डोंगराची खूण उठविलेली. जिंकलेल्या राजाचें चलन जिंकणाऱ्यानें कसें आपलेंसें केलें, हें त्या एका सांठ्यानें सांगितलें. तींच नाणीं घरोघर वाटलीं जाऊन मुशींत गेलीं असतीं तर त्यांचें वजन तेवढें उरलें असतें. सुटें नाणें फार थोडें बोलतें. जागा, खोली व मडकें यांसह सबंध सांठा पुष्कळ बोलतो.

म्हणून मडक्याच्या खापऱ्याही जपाव्या. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें कांहीं सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी वर्दी द्यावी. तींत द्रव्याचा प्रकार, संख्या किंवा अंदाजी किंमत, जागा (गट नंबरासह) व सांपडल्याची तारीख असावी. नाणीं जवळच्या सरकारी खजिन्यांत भरावीं किंवा मागतील तेव्हां हजर करण्याचा जामीन द्यावा. भरण्यापूर्वीं पंचांसमक्ष मोजून त्यांची यादी करावी, आणि खजिन्याची पोंच हातीं आल्यावांचून तेथून उठूं नये.