नावाचे रूप आणि नावाचे काम : सी भाषेतील नामसंकेत

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• नियम आणि संकेत यांतील भेद सांगता येईल.
• सी भाषेतील प्रकारनाम व मॅक्रोनाम यांची ओळख पटेल.
• देवनागरी नावांसाठी योग्य संकेत सुचविता येतील.

४.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, कोपरगाव तालुक्यातील गावांच्या यादीत डाऊच खुर्द व डाऊच बुद्रुक, जेऊर कुंभारी व जेऊर पाटोदा अशा जोड्या आढळतात. ‘खुर्द’ म्हणजे लहान आणि ‘बुद्रुक’ म्हणजे मोठे. हे दोन्ही शब्द फारसीतून आले आहेत. मूळ नाव समान असले, तरी पुढे जोडलेले पद गावांना वेगळे करते. पुढे खुर्दची वस्ती बुद्रुकपेक्षा वाढली, तरी नावे तीच राहतात. नावामागचे कारण सरते, संकेत मात्र टिकतो. संगणकाच्या सी भाषेतही हेच घडलेले दिसते.

४.२ नियम आणि संकेत
डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी भाषा घडविली. नावाचा आरंभ अंकाने करू नये, हा तिचा नियम आहे. तो मोडल्यास कंपायलर आज्ञावली स्वीकारत नाही. मॅक्रोचे नाव कॅपिटल अक्षरांत लिहावे, हा मात्र संकेत आहे. तो मोडला तरी कंपायलर तक्रार करीत नाही. अडचण होते ती पुढे ती आज्ञावली वाचणाऱ्या माणसाची. भाषेच्या अभ्यासकाने हा भेद नीट लक्षात घ्यावा.

४.३ मॅक्रोचे नाव
मॅक्रो म्हणजे मजकुराच्या जागी मजकूर ठेवण्याची सूचना. ती ‘डिफाइन’ या शब्दाने दिली जाते. कंपायलर अर्थ लावू लागण्यापूर्वीच हा बदल होतो, आणि तो गणिताचा विचार न करता होतो.

आपल्या परिसरातील उदाहरण घेऊ. समजा, उसाच्या वजनकाट्यासाठी कोणी आज्ञावली लिहिली आणि ‘निव्वळ’ या मॅक्रोचा मजकूर ‘भरलेले − रिकामे’ असा ठेवला. भरलेली गाडी १८ टन, रिकामी ६ टन आणि दर टनाला ३,००० रुपये मानू. खेपेची रक्कम १२ × ३,००० म्हणजे ३६,००० रुपये व्हायला हवी. परंतु ‘निव्वळ × दर’ असे लिहिताच त्याचे ‘भरलेले − रिकामे × दर’ होते. गुणाकार आधी होत असल्याने १८ − १८,००० म्हणजे उणे १७,९८२ हे उत्तर येते. शेतकऱ्याला रक्कम मिळण्याऐवजी त्याच्याच नावावर येणे निघते!

मॅक्रोच्या संपूर्ण मजकुराला कंस घातल्यास ही चूक टळते. पण कंस तपासावेत, हे वाचणाऱ्याला सुचणार कसे? कॅपिटल अक्षरांतील नाव ते सुचविते. ‘येथे अदलाबदल होणार आहे, जपून वाचा’ असा इशारा त्यात असतो.

४.४ प्रकाराचे नाव
स्मृतीत साठविलेली वस्तू कोणत्या जातीची आहे, हे प्रकारनाम सांगते. ‘साइझ_टी’ व ‘टाइम_टी’ या नावांच्या अखेरचा ‘_टी’ हा ‘टाइप’चा संक्षेप होय. तो मराठीतील प्रत्ययासारखे काम करतो. मात्र पॉझिक्स या मानकाने ‘_टी’ने संपणारी नावे राखून ठेवली आहेत, म्हणून स्वतःच्या प्रकाराला असे नाव देताना सावध राहावे.

‘फाइल’ हे नाव या शिस्तीत बसत नाही. ते प्रकारनाम असूनही संपूर्ण कॅपिटल अक्षरांत लिहितात. युनिक्सच्या जुन्या आवृत्तींत ते खरोखरच ‘डिफाइन’ने केलेला मॅक्रो होते. पुढे सी भाषेच्या मानकाने त्याला वस्तुप्रकार ठरविले; रूप मात्र जुनेच राहिले. खुर्द-बुद्रुकची आठवण येथे व्हावी.

४.५ देवनागरीपुढील प्रश्न
१९९९ च्या सी मानकाने नावांत इंग्रजीबाहेरची अक्षरेही मान्य केली. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी कंपायलरच्या दहाव्या आवृत्तीपासून ती थेट लिहिता येतात. त्यामुळे ‘वजन’ हे नाव आज्ञावलीत देवनागरीत लिहिणे शक्य आहे. परंतु देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत. मग मॅक्रोचा इशारा द्यायचा कसा?

उत्तर आपल्या ग्रामनामांतच आहे: पद जोडावे. ‘मॅक्रो_निव्वळ’ आणि ‘खेप_प्रकार’ अशी नावे वाचताच कोणते नाव मॅक्रोचे व कोणते प्रकाराचे, हे कळते. कोणते पद निवडले यापेक्षा सर्वांनी तेच पद सर्वत्र पाळणे अधिक महत्त्वाचे आहे.

४.६ सारांश
नियम यंत्र पाळून घेते. संकेत माणसांनी एकमेकांसाठी पाळायचे असतात. मॅक्रोच्या नावाचे रूप धोक्याची सूचना देते, तर प्रकाराच्या नावाचे रूप वस्तूची जात सांगते. काही रूपे केवळ इतिहासामुळे टिकतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘वर्ग(अ)’ या मॅक्रोचा मजकूर ‘अ × अ’ असा आहे. ‘वर्ग(४ + १)’ चे उत्तर २५ ऐवजी ९ का येते, ते मांडून दाखवा.
२. ‘फाइल’ आणि ‘बुद्रुक’ यांतील साम्य आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
३. उपक्रम : आपल्या तालुक्यातील जोडनावांची दहा गावे नोंदवा आणि प्रत्येक जोडपद कोणता भेद दाखविते, ते लिहा.