मीना अल-अहमदीची मोजणी

कुवेतच्या दक्षिणेकडील बुर्गान या विशाल तेलक्षेत्रातून निघालेले खनिज तेल अहमदीच्या टेकाडावरील टाक्यांत साठवले जाते. हे टेकाड समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर उंच असल्यामुळे तेथून किनाऱ्यावरच्या मीना अल-अहमदी बंदरापर्यंत तेल पंपांवाचून, केवळ उताराने वाहत जाते. ३० जून १९४६ रोजी शेख अहमद अल-जाबिर यांनी झडप उघडून ‘ब्रिटिश फ्युझिलियर’ या जहाजात निर्यातीचे पहिले तेल सोडले. आजही देशाच्या निर्यातीचे मुख्य दार हेच बंदर आहे.

सुमारे २० लाख बॅरल, म्हणजे प्रत्येकी १५९ लिटरची २० लाख मापे, एका फेरीत नेणारी महाकाय तेलवाहू जहाजे उथळ किनाऱ्याला लागू शकत नाहीत, म्हणून ती खोल पाण्यात थांबतात आणि समुद्रतळावरून आलेली वाहिनी लवचिक नळ्यांनी त्यांना जोडली जाते. जहाज भरणीसाठी सज्ज असल्याची लेखी सूचना कप्तान देतो आणि तिच्या आधारे वेळेचा हिशेब सुरू होतो, कारण करारात ठरलेल्या मुदतीपेक्षा भरणी लांबली तर विलंबशुल्क कोणी भरायचे हे त्याच सूचनेवरील वेळेवरून ठरते. पुढचे काम सर्व्हेअरचे असते. विक्रेता आणि खरेदीदार या दोघांनाही मान्य असलेला हा त्रयस्थ मोजणीदार प्रथम जहाजाच्या रिकाम्या टाक्या तपासतो, कारण मागील फेरीतील तेलाचा गाळ किंवा पाणी तळाशी उरलेले असेल तर ते आधीच नोंदवावे लागते, अन्यथा ते नव्या मालात मिसळून मोजले जाईल.

भरणी पूर्ण झाल्यावर तो प्रत्येक टाकीच्या तोंडातून मोजपट्टी आत सोडतो. पट्टीच्या टोकावरील संवेदक तेलाला टेकला की आवाज होतो आणि तेलाच्या पृष्ठभागापासून टाकीच्या मापनबिंदूपर्यंत उरलेली रिकामी उंची, ज्याला या व्यवसायात ‘अलेज’ म्हणतात, ती वाचली जाते. या उंचीवरून तेलाचे घनफळ काढण्याचे तक्ते प्रत्येक जहाजासाठी स्वतंत्रपणे तयार केलेले असतात, आणि जहाज पुढे-मागे वा कडेला थोडेसे जरी कललेले असले तरी आकड्यात दुरुस्ती करावी लागते. तळाशी पाणी साचले आहे का, हे पाहण्यासाठी पाणी लागताच रंग बदलणारा लेप वापरण्याची जुनी रीतही अजून टिकून आहे.

सर्वांत नाजूक बाब तापमानाची असते. खनिज तेल उष्णतेने प्रसरण पावते, म्हणून व्यवहारातील बॅरल हे ६० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १५.६ अंश सेल्सियसला, गृहीत धरलेले बॅरल असते. कुवेतच्या उन्हात तापलेले तेल या प्रमाणावर आणताना १० अंश सेल्सियसची चूक झाली, तर २० लाख बॅरलच्या मालात पंधरा हजारांहून अधिक बॅरलचा फरक पडतो. टाक्यांच्या निरनिराळ्या थरांतून घेतलेले नमुने मोहोरबंद करून जपले जातात, कारण घनता आणि गंधक यांविषयी पुढे वाद झाला तर निवाडा त्यांवरूनच व्हायचा असतो. किनाऱ्यावरील मोजणी आणि जहाजावरील मोजणी तंतोतंत जुळत नाही. फरक मान्य मर्यादेपलीकडे गेला, तर कप्तान लेखी हरकत नोंदवतो आणि मगच मालाच्या कागदपत्रांवर सही करतो. या सगळ्या कामाकडे केवळ तांत्रिक उपचार म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. तेलाचा भाव ठरवण्याची ताकद ज्या देशाच्या हाती फारशी नाही, त्याने दिलेले माप आणि लिहिलेला कागद निर्विवाद असणे, हीच त्याची बाजारातील खरी पत आहे.

भाव त्याच्या हाती किती थोडा आहे, हे विक्रीच्या पद्धतीवरून दिसते. चीन, दक्षिण कोरिया, जपान, भारत अशा आशियाई ग्राहकांशी सरकारी मालकीचे कुवेत पेट्रोलियम कॉर्पोरेशन दीर्घ मुदतीचे करार करते. त्यांत किंमत आकड्याने लिहिलेली नसते. ओमान आणि दुबई येथील तेलांच्या, भरणीच्या महिन्यातील सरासरी दरापेक्षा किती अधिक वा किती उणे, एवढाच फरक कॉर्पोरेशन दरमहा जाहीर करते. म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जहाज भरले जात असते, तेव्हा त्यातील मालाची अंतिम किंमत विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. भरल्या मालाची पोच, वाहतुकीचा करार आणि मालकीचा दस्तऐवज या तिन्ही भूमिका बजावणारे ‘बिल ऑफ लेडिंग’ कप्तानाच्या सहीने निघते. त्यावरील तारीख ३१ आहे की पुढच्या महिन्याची १, यावर कोणत्या महिन्याची सरासरी लागू होणार आणि पैसे कधी येणार हे अवलंबून असल्याने लाखो डॉलरचा फरक पडू शकतो.

तेलापूर्वीही हा देश समुद्रावरच जगत होता. कुवेतची शिडाची गलबते बसऱ्याकडील खजूर घेऊन भारताच्या पश्चिम किनाऱ्याला येत, मलबारचे सागवान घेऊन परतत, आणि आखातातील मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईत होती. कुवेती व्यापारी घराण्यांच्या पेढ्याही त्या शहरात होत्या. कुवेतमध्ये चलनही भारतीय रुपयाचेच होते. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळे रुपये काढले आणि १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला. त्या व्यापारात माल अनेक होते, बंदरे अनेक होती. आजच्या निर्यातीत तेल आणि तेलजन्य पदार्थ यांचाच प्रचंड वाटा आहे, तर धान्य, यंत्रे, मोटारी, औषधे यांपैकी बहुतेक सर्व काही बाहेरून येते. उन्हाळ्यातील विजेची गरज भागवण्यासाठी २००९ पासून द्रवरूप नैसर्गिक वायूसुद्धा जहाजांनी आणावा लागतो.

याहून गंभीर अडचण मार्गाची आहे. सौदी अरेबियाकडे तांबड्या समुद्राला जाणारी वाहिनी आहे, कुवेतकडे तशी पर्यायी वाट नाही; त्याचे तेल समुद्रमार्गे बाहेर पडायचे तर होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच. इराण-इराक युद्धात तेलवाहू जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा १९८७ मध्ये कुवेतने आपली ११ जहाजे अमेरिकी ध्वजाखाली नोंदवली, जेणेकरून अमेरिकी नौदल त्यांना संरक्षण देऊ शकेल. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, संरक्षणाखालील पहिल्याच ताफ्यातील ‘ब्रिजटन’ हे जहाज, जे नोंदणी बदलण्यापूर्वी ‘अल-रक्का’ होते, सुरुंगावर आदळले. जहाज बुडाले नाही. संरक्षणासाठी सोबत असलेल्या युद्धनौका मात्र सुरुंगांच्या भीतीने त्याच्या मागे राहून पुढचा प्रवास करू लागल्या.