आधी फळीचा पीळ बघा

जुलै 2025 मध्ये बारा किल्ल्यांवर जागतिक वारशाची मोहोर उठली. त्यानंतरच्या दिवाळीत माझ्या ओळखीच्या तीन घरांत मातीच्या किल्ल्याच्या जोडीला टेबलावरचा किल्ला आला. नकाशा समोर ठेवून, प्रमाण धरून केलेला. दिवाळी जवळ आली की सनबोर्ड, फेव्हिकॉल, कटरची पाती यांच्या याद्या होतात. ज्या फळीवर हे सगळं करायचं, ती मात्र या यादीत सहसा नसते.

माझा लोहगड त्या फळीपायीच फसला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशावर दर 20 मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. मॉडेल 1:2000 प्रमाणात करायचं ठरवलं की प्रत्येक रेषेला बरोबर 10 मिलिमीटरचा एक थर येतो. हिशेब सुटसुटीत. विंचूकाटा, म्हणजे लोहगडाची लांब सोंड, प्रत्यक्षात सुमारे दीड किलोमीटर लांब आणि जेमतेम 30 मीटर रुंद आहे. माझ्या मॉडेलमध्ये तो 75 सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद झाला. थरावर थर चिकटवले, वर विटा ठेवल्या, रात्रभर वाळू दिलं. सकाळी विटा उतरवून किल्ला जेवणाच्या टेबलावर ठेवला, तर विंचूकाट्याचं टोक टेबलापासून चार मिलिमीटर अधांतरी! या प्रमाणात चार मिलिमीटर म्हणजे आठ मीटर. जवळजवळ तीन मजल्यांची चूक.

माझे मामा पिंपरीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. किल्ल्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "फळी आण," म्हणाले. खिडकीकडे तोंड करून त्यांनी फळी डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला. "बाक आहे. आणि पीळपण आहे."

हे दोन दोष वेगळे. बाक म्हणजे फळी लांबीत वाकलेली. पीळ म्हणजे चारपैकी एक कोपरा उरलेल्या तिघांच्या पातळीत नाही. बाक दिसतो फळीवर सरळ पट्टी उभी धरून मागे टॉर्च लावली की, उजेडात. पीळ तसा दिसत नाही. त्यासाठी सारख्या उंचीच्या दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांना आडव्या उभ्या करायच्या आणि एकीच्या कडेवरून दुसरीची कड पाहायची. कडा समांतर दिसल्या नाहीत, तर फळीला पीळ आहे. बाल्साच्या विमानाचा पंख अशा फळीवर जोडला तर पीळ पंखात उतरतो आणि विमान प्रत्येक वेळी एकाच अंगाला कलतं.

बाकाचं कारण मामांनी फळी उलटी करून दाखवलं. 12 मिलिमीटरचा प्लाय, वरच्या बाजूला सनमायका, खालची बाजू उघडी. पावसाळ्यात उघडी बाजू ओल पिऊन फुगते, सनमायकाची बाजू तशीच राहते, आणि फळी वरून खोलगट होते. चांगला सुतार दोन्ही बाजूंना सनमायका लावतो ते याचसाठी. खर्च वाचवायला मीच एका बाजूला लावून घेतली होती.

पण सरळ पट्टी सरळ आहे हे कशावरून? मी विचारल्यावर मामा खुलले. कारखान्यात याला ब्लू मॅचिंग म्हणतात. सरफेस प्लेटवर, म्हणजे सपाट लोखंडी पाटीवर, निळा रंग पातळ फासायचा, काम त्यावर घासायचं, रंग लागेल तिथे उंचवटा; तो स्क्रॅपरने खरवडायचा. आणि ती प्लेट मुळात सपाट कशी करायची? दोनच प्लेटा एकमेकींशी जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही त्या बेमालूम बसतील. म्हणून तीन घ्यायच्या: पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. तिघी आळीपाळीने, दिशा बदलत जुळल्या तर त्या सपाटच असणार, दुसरा मार्गच उरत नाही. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने 1840 मध्ये ही रीत विद्वानांच्या सभेत मांडली होती. कुठलंही माप न लावता, नुसत्या तीन लोखंडी पाट्यांमधून सपाटी जन्माला येते. मला यंत्रशास्त्रातली याहून सुंदर कल्पना माहीत नाही.

घरी एवढं करायची गरज नाही, कारण सपाटी बाजारात मिळते. साधी काच घ्या. पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत काचेचा रस वितळलेल्या कथलावर तरंगत पसरतो आणि तसाच थिजतो. आजची खिडकीची काचही त्याच पद्धतीची. दुकानदार टफन्ड काच सुचवेल. ती सुरक्षित खरी, पण 600 अंशांच्या वर तापवताना रोलरांवरून जाते आणि तिच्यात बारीक लाटा राहतात. जोडणीसाठी मी साधी 10 मिलिमीटरची घेईन. कडा घासून घ्याव्यात आणि काच खालून पूर्ण टेकलेली असावी. ग्रॅनाइटच्या दुकानात ओट्याच्या सिंकसाठी कापून काढलेला चौकोन पडलेला असतो. पट्टी आणि टॉर्च घेऊन जा, सपाट निघाला तर उचला.

काचेवर कापू मात्र नका, पातं लगेच बोथट होतं. कापायला कटिंग मॅट, जोडायला काच. मॅट उन्हात ठेवली किंवा तिच्यावर गरम चहाचा कप टेकवला की ती वाकते. धुवायला कोमट पाणी आणि थोडा साबण पुरे. थिनर लावायचा नाही. काचेवरचा वाळलेला डिंक जुन्या पात्याने खरवडून निघतो. चिकटवताना खाली प्लास्टिकचा कागद घाला, फेव्हिकॉल त्याला धरत नाही. फळी भिंतीला तिरकी टेकवून ठेवायची सवय मात्र सोडाच. आडवी ठेवा, नाहीतर अगदी उभी.

यंदा साल्हेर करतोय. टेबल म्हणून फ्लश डोअर आणलं आहे. त्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात आणि दाराला सरळ राहावंच लागतं, नाहीतर ते चौकटीत बसणार नाही. काल रात्री त्यावर मामांची पोलादी पट्टी उभी केली, मागे टॉर्च धरली. मधोमध उजेडाची एक बारीक रेघ दिसली. फोन केला.

"पाय खाली एकसारखे टेकलेत का?" मामांनी विचारलं.

एका पायाखाली फरशीचा सांधा आला होता.