गोळी प्रेशरची, राखण मेंदूची

अल्झायमर म्हटलं की मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांचीच चर्चा होते, रक्तवाहिन्या मागे राहतात. खुद्द अलोइस अल्झायमर यांनी १९०७ मध्ये आपल्या पहिल्या रुग्णाचं वर्णन छापलं, त्यातही मोठ्या रक्तवाहिन्या कठीण झाल्याची नोंद आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, प्राणवायूचा खर्च मात्र वीस टक्के. वर्षानुवर्षं प्रेशर चढं राहिलं की मेंदूत खोलवर जाणाऱ्या बारीक वाहिन्या जाड आणि ताठर होतात. माडांच्या बागेत मुख्य पाट भरून वाहतो, पण शेवटच्या आळ्यात पाणी पोचत नाही, तसं होतं. एमआरआयमध्ये तिथे पांढरे डाग दिसतात. पक्षाघात न होताही माणूस मंदावतो, त्याची चाल अडखळते, बाजाराचा हिशेब चुकू लागतो. विसरणं कधी कधी नंतर येतं.

अल्झायमरमध्ये इजा वेगळी असते. अमिलॉइड हे साचणारं प्रथिन अनेकदा वाहिनीच्या भिंतीतही बसतं, भिंत ठिसूळ होते आणि रक्त झिरपतं. म्हणूनच अमिलॉइड काढणारं लेकानेमॅब हे औषध देताना सूज आणि रक्तस्राव तपासायला पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. अनेक वृद्धांच्या मेंदूत या दोन्ही इजा एकत्र सापडतात. अमेरिकेतल्या नन्सच्या मेंदूंचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्झायमरच्या खुणा असलेल्या ज्या नन्सच्या मेंदूत खोलवर एक-दोन छोटे आघातही होऊन गेले होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कितीतरी जास्त आढळला.

प्रेशर ताब्यात ठेवण्याच्या कामात सिंधुदुर्गाचा संबंध येतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातल्या महाराष्ट्राच्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा, वर्धा, भंडाऱ्यासोबत सिंधुदुर्ग होता. सरकारी आरोग्य केंद्रात प्रेशर मोजायचं, ठरलेल्या गोळ्या द्यायच्या आणि न येणाऱ्याचा पाठपुरावा करायचा, अशी ही साधी पद्धत. हे काम हृदयाइतकंच मेंदूचंही आहे, असं मला ठामपणे वाटतं. २०१९ च्या अमेरिकी ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत वरचं प्रेशर १२० च्या खाली आणण्याचं लक्ष्य असलेल्या गटात, १४० च्या गटापेक्षा, स्मरणशक्ती आणि विचारशक्तीची सौम्य घट कमी दिसली. स्मृतिभ्रंशाबाबतचा फरक मात्र निर्णायक ठरला नाही. कुणाचं प्रेशर किती खाली आणायचं, हे डॉक्टरच ठरवतील.

अडचण गोळी सुटण्याची आहे. “आता बरां वाटता, मगे गोळी कित्याक?” हे मालवणी घरात सहज ऐकू येतं. त्यात पावसात मासेमारी बंद असताना ताटात प्रेशर वाढवणारा खारा बांगडा असतो. मुलं मुंबईत. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी आईवडिलांची गोळ्यांची पाकिटं उघडून पाहावीत. आरोग्य केंद्रातही प्रेशर मोजताना सोबतच्या माणसाला विचारलं जावं: पैशाचा हिशेब गेल्या वर्षीसारखा जमतो का? चाल मंदावली आहे का?