मातृभाषा कोणाची?

कोठारी आयोगाने (१९६४–६६) विद्यापीठीय शिक्षणासाठी प्रादेशिक भाषेचा पुरस्कार केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ‘मातृभाषा अथवा स्थानिक भाषा’ असे म्हटले. ही दोन पदे आपण सहसा समानार्थी मानतो. भिवंडीत मात्र ती विलग होतात. यंत्रमागांच्या या नगरात उर्दू, तेलुगू, हिंदी व मराठी भाषिक कुटुंबे शेजारी नांदतात. केवळ मराठी माध्यम स्वीकारल्यास उर्दू शाळेतून आलेल्या विद्यार्थिनीस जे शास्त्र तिने मराठीत कधी अभ्यासिले नाही, ते एकाएकी मराठीत शिकावे लागेल; केवळ इंग्रजी ठेवल्यास बहुतेकांचे आकलन उणे राहील. म्हणून माध्यम ठरविण्यापूर्वी विद्यार्थ्याची घरची, शाळेची व व्यवहाराची भाषा स्वतंत्रपणे नोंदविणे अगत्याचे आहे.