परीक्षेने गिळलेला गुरू

२ सप्टेंबर १९०५ रोजी छिंग दरबाराने फर्मान काढलं आणि चीनची राजपरीक्षा बंद झाली. मधले खंड सोडले तर ती तेराशे वर्षं चालली. नानजिंगच्या परीक्षाकेंद्रात सुमारे वीस हजार कोठड्या होत्या. उमेदवार तिथे रात्रंदिवस बसून कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या ग्रंथांवर ठरलेल्या साच्याचे निबंध लिहीत. केस पिकले तरी परीक्षेला बसणारे होतेच.

मग कन्फ्यूशियसची पाळी आली. १९१२ मध्ये प्रजासत्ताकाचे शिक्षणमंत्री त्साय युआनपेई यांनी प्राथमिक शाळांतून या ग्रंथांचं पठण काढून टाकलं. १९१९ च्या विद्यार्थी चळवळीतल्या पिढीने देशाच्या मागासलेपणाचं खापर कन्फ्यूशियसवर फोडलं. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीतल्या रेड गार्डांनी त्याच्या गावी, चुफूला जाऊन मोडतोड केली.

खरं तर परीक्षेचं पाप गुरूच्या माथी मारणं अन्यायाचं होतं. वाळवलेल्या मांसाची जुडी एवढीच दक्षिणा आणणाऱ्यालाही हा माणूस शिकवी; मात्र एक कोपरा दाखवल्यावर जो उरलेले तीन स्वतः शोधणार नाही, त्याला पुन्हा सांगत नसे. बाराव्या शतकात त्याच्याच परंपरेतल्या झू शी या तत्त्वज्ञाने लुशान डोंगरातलं ‘श्वेतमृग’ विद्यापीठ पुन्हा उभं केलं, तेव्हा तिथल्या नियमांत भरपूर वाचणं, प्रश्न विचारणं, विचार करणं, पारखणं आणि मग तसं वागणं, असा क्रम होता. नाव आणि पगार कमावण्यासाठी शिकू नका, असंही त्याने बजावलं होतं. दैव असं, की १३१३ मध्ये त्याच झू शीची भाष्यं राजपरीक्षेचा अधिकृत अभ्यासक्रम ठरली! पुढची सहा शतकं पोरं ती घोकत राहिली.

परीक्षा मात्र चिवट निघाली. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली विद्यापीठ प्रवेशपरीक्षा, गाओकाओ, १९७७ च्या हिवाळ्यात परतली. सुमारे ५७ लाख बसले, पावणेतीन लाखांच्या आसपास निवडले गेले. २००९ च्या ‘पिसा’ या शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत शांघायची मुलं जगात पहिली आली, तेव्हा अनेकांनी त्याचं श्रेय कन्फ्यूशियसला दिलं. मला ते पटत नाही. ते श्रेय घोकंपट्टीचं, शिकवण्यांचं आणि शिक्षकांनी कसून केलेल्या तयारीचंही होतं. प्रश्न विचारणाऱ्या शिष्याला त्यात फारशी जागा नव्हती.

जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. गाओकाओला हात लावला नाही. साहजिकच शिकवण्या चोरून सुरू राहिल्या आणि २०२४ मध्ये या परीक्षेसाठी १ कोटी ३४ लाख मुलांनी नावं नोंदवली.