शिकाऊ सिस्टरला परत पाठवू नका, देखरेख मागा

"आमच्या सुनेला शिकाऊ पोरींनी हात लावायचा नाही, आधीच सांगून ठेवतो," असे प्रसूतिगृहाच्या दारात बजावणारे नातेवाईक सगळीकडे भेटतात. त्यांची भीती अगदीच खोटी आहे असे नाही. घरची लेक-सून कळांनी बेजार झालेली असते आणि समोर उभी असते विशीही न ओलांडलेली, हातात वही धरलेली विद्यार्थिनी. मनात शंका येणारच. पण याच मंडळींना पुढे गावच्या उपकेंद्रात हुशार, हाताला यश असलेली नर्सबाई हवी असते. ती नर्सबाई तयार कशी होते, याची माहिती आज घेऊ.

शिक्षण कसे असते?

एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. तिन्हींत माता व बाल आरोग्य हा महत्त्वाचा भाग आहे. विद्यार्थिनी आधी वर्गात शिकतात, मग रबरी पुतळ्यावर सराव करतात आणि त्यानंतर शिक्षिकेबरोबर वॉर्डात येतात. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद वहीत होते आणि त्याखाली शिक्षिकेची सही लागते. बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात ३० गरोदर स्त्रियांची तपासणी आणि २० नॉर्मल प्रसूती असा हिशेब कित्येक वर्षे चालत आला.

एवढ्या प्रसूती कशाला? कारण पुतळ्याला घाम फुटत नाही, त्याचा रक्तदाब वाढत नाही आणि त्याला रक्तस्रावही होत नाही.

वॉर्डात काय शिकायचे असते?

साधे रक्तदाब मोजणेच घ्या. घाईगर्दीत सरसकट १२०/८० लिहून मोकळे होण्याची सवय एकदा लागली की सुटत नाही. गरोदरपणात रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला, तर तो पुन्हा मोजायचा, लघवीत प्रथिने जातात का पाहायचे, डोके दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का हे विचारायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. हे वेळेवर झाले तर झटके येण्याचा धोका पुष्कळ टळतो. ही शिस्त लागते ती शिक्षिकेने शेजारी उभे राहून तोच रक्तदाब पुन्हा मोजल्याने.

प्रसूतीनंतरची वेळही अशीच. बाळ झाले, घरचे पेढ्यांच्या गडबडीत असतात. पण आईच्या जिवाला खरा धोका तेव्हाच असतो. आपल्या देशात मातामृत्यूचे सर्वांत मोठे कारण रक्तस्राव हेच आहे. म्हणून बाळ जन्मल्यावर, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन स्नायूत देतात. वार पडल्यावर ती पूर्ण आली की नाही ते तपासतात. मग पहिले दोन तास थोड्या थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, रक्तस्राव आणि गर्भाशय पाहायचे. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय चेंडूसारखे घट्ट लागले पाहिजे. ते मऊ, लिबलिबीत लागले तर रक्त जात आहे असे समजून लगेच हाक मारायची. घट्ट आणि मऊ यांतला हा फरक दहा-वीस बाळंतिणींच्या पोटावर हात ठेवल्यावरच कळतो.

बाळाचेही तसेच. बहुतेक बाळे आपणहून रडतात. दहातल्या एखाद्या बाळाला श्वास सुरू करायला थोडी मदत लागते. त्याला उलटे धरून पाठीत थापट्या मारण्याची जुनी रीत चुकीची आहे. कोरड्या, उबदार कपड्याने पुसायचे, मान सरळ ठेवायची, गरज वाटली तर तोंड-नाक साफ करायचे आणि तरीही श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटातच पिशवी व मास्कने हवा द्यायची. नवजात बाळांसाठी केंद्र सरकारने २००९ साली सुरू केलेल्या प्रशिक्षणात हेच शिकवतात. त्या एका मिनिटात पुस्तक उघडायला सवड नसते.

शिकाऊपणा धोक्याचा की हलगर्जी?

इतिहासातले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणपणाच्या विद्यार्थिनी. दोन्हीकडे शिकाऊच; पण बाळंतरोगाने मरणाऱ्या स्त्रिया डॉक्टरांच्या विभागात कितीतरी जास्त. ते डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येत. डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. दोष शिकाऊपणाचा नव्हता, हातांचा होता.

आजही धोका कुठे आहे? शिकवणारे माणूस जवळ नसते तिथे. ज्या दवाखान्यात महिन्याकाठी मोजकीच बाळंतपणे होतात, तिथे वर्गभर मुलींना काम पुरणार कसे? मग एका खाटेभोवती दहा जणी उभ्या राहतात, एक हात लावते आणि वही मात्र दहा जणींची भरते. अशी भरलेली वही घेऊन बाहेर पडलेली मुलगी उद्या आडगावात रात्री दोन वाजता एकटी असेल. तिथे वहीतल्या सह्या उपयोगी पडत नाहीत.

आपण काय करावे?

रुग्णाच्या नातेवाइकांनी विद्यार्थिनीला सरसकट परत पाठवू नये. "तुमच्याबरोबर सिस्टर किंवा मॅडम कोण आहेत?" हे जरूर विचारावे. नाव कळले आणि ती व्यक्ती जवळ असली म्हणजे निर्धास्त राहावे. उलट विद्यार्थिनीकडे एका बाळंतिणीजवळ बसायला वेळ असतो. पाठ चोळणे, पाणी देणे, बाळाला अंगावर नीट लावून देणे ही कामे त्या मनापासून करतात.

मात्र बाळंतिणीची परवानगी घेतली पाहिजे, ती तिची, सासूची किंवा नवऱ्याची नव्हे. पडदा हवा. शिकण्यासाठी म्हणून एकीमागून एक अशी आतून तपासणी मुळीच होऊ नये. त्याने जंतुसंसर्ग वाढतो आणि बाईला मेल्याहून मेल्यासारखे होते. तिने नको म्हटले तर नको. त्यामुळे उपचारात कमी-जास्त होता कामा नये.

मुलीला नर्सिंगला घालणाऱ्या पालकांनी इमारत आणि फी पाहून ठरवू नये. मुली प्रत्यक्ष कामाला कोणत्या रुग्णालयात जातात, तिथे महिन्याला बाळंतपणे किती होतात आणि वॉर्डात शिक्षिका सोबत असते का, हे तीन प्रश्न विचारावेत. जमल्यास तिथल्या जुन्या विद्यार्थिनींशी बोलावे.

२०१८-२० च्या सरकारी नमुना पाहणीनुसार लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. एकेकाळच्या मानाने ही मोठी मजल आहे. पण उरलेल्या ३३ घरांत बाळ आहे आणि आई नाही. तो आकडा आणखी खाली आणायचा तर रात्रपाळीला जागी असणारी, पोटावर हात ठेवून "मॅडम, लवकर या" म्हणणारी सिस्टर हवी. आज आपल्या सुनेच्या खाटेशी वही घेऊन उभी असलेली मुलगीच उद्या ती सिस्टर होणार आहे. तिला नीट शिकू द्या आणि तिच्यामागे शिकवणारे कोणी उभे आहे ना, हेही बघा.